जागल

नांदेडला त्या सकाळी जमीन हलली आणि तारामतीला जाग आली नाही. धक्का तसा बारकाच. छताचे पंखे डुलले, कुणाच्या शोकेसचं दार आपोआप उघडलं, कुणाच्या हंड्यातलं पाणी हिंदकळलं, आणि सगळी इमारत नेसत्या कपड्यांनिशी जिना उतरून खाली गाड्यांच्या शेडमध्ये उभी राहिली. लेकरं कडेवर, फोन हातात. काहीच होत नाही असं पाहून लोक थोड्या वेळानं एकमेकांना हसले, एकमेकांचे अवतार बघून जास्तच हसले, आणि चहाला वर गेले. तारामतीला हे कळलं ते चहाच्याच वेळी. तिच्या नवऱ्यानं, शेषेरावांनी, बशीत चहा ओतता ओतता, दूधवाला आज उशिरा आला म्हणून सांगावं तसं सांगितलं.

"सकाळी धक्का बसला बारका."

"कशाचा?"

"जमिनीचा. तिकडं हिंगोलीकडं जोर होता म्हणून राहिले लोक."

ती उठली. आधी टेबल, मग भिंत, मग दाराची चौकट असं धरत धरत आतल्या खोलीत गेली आणि पलंगाच्या उशाशी बघितलं. स्टुलावरचा पालथा तांब्या कपाटाच्या पायाशी जाऊन पडला होता. तांब्यावरचा पेला पलंगाखाली होता. खालच्या ताटाला पोचा आला होता. एवढा ऐवज फरशीवर कोसळला म्हणजे आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार, आणि तिचा कान तिथून हातभर अंतरावर उशीला लागलेला होता. तिनं वाकून पेला काढायचा प्रयत्न केला. गुडघा नाही म्हणाला. मग ती पलंगाच्या कडेवर बसली. भीती वाटते का, हे तिनं स्वतःला विचारून बघितलं. तसं काही सापडलं नाही. पाय बधिर झाल्यावर चिमटा काढून बघावा आणि चिमटाही दुसऱ्याच कुणाला बसावा, तसं झालं होतं.

तांब्या-पेल्याची गोष्ट लातूरकडच्या माणसाला सांगावी लागत नाही. भूकंपानंतर तिकडं कितीतरी घरांत ही रीत पडली होती. झोपताना उशाशी पालथा तांब्या, त्याच्यावर पेला, खाली ताट. जमीन कुरकुरली की पेला पडणार, ताट वाजणार, माणूस अंगणात पळणार. पुढं घरं सिमेंटची झाली, लेकरं कमावती झाली, लोक विसरले. तारामती विसरली नाही. शेषेराव विष्णुपुरीला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. तिथल्या क्वार्टरमध्ये तिनं तांब्या मांडला, आणि निवृत्तीनंतर शहरात तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं तेव्हा देवघराच्या आधी तांब्याची जागा ठरली. पेला मांजरीनं पाडला, लेकानं, वैजनाथनं, रांगता रांगता पाडला, धरणाकडं जाणाऱ्या टिप्परनं तर कितीदा पाडला. आणि दर वेळी तो ताटावर आपटायच्या आत तारामती उठून बसलेली. शेषेराव तेवढे घोरत पडलेले. बायको जागी आहे म्हटल्यावर नवऱ्याला झोप छान लागते. लोक तिला 'सावध झोपेची' म्हणायचे, आणि ती ते कौतुक म्हणून घ्यायची. खरं तर तिला झोप अशी नव्हतीच. ती रात्रीच्या कडेकडेनं बसून असायची, आत कधी उतरायची नाही.

आणि मग संधिवात आला. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात, तिचं मात्र मुंगीच्या पावलानं आलं. आधी सकाळी बोटं आखडायची, कणीक मळली की सुटायची. मग मनगटं. मग गुडघे, टाचा. दिवसा ते दुखणं घरातल्या पाहुण्यासारखं गप्प बसायचं आणि दिवे मालवले की पाय पसरायचं. पायाच्या बोटांना पांघरुणाचा भार सोसेना. कूस बदलायची तर आधी मनातल्या मनात बदलून बघायची, कुठला सांधा काय म्हणेल याचा अंदाज घ्यायचा, आणि मग नकोच म्हणून होती तशी पडून राहायचं. रात्र थोडी अन् सोंगं फार. इथं रात्र मोठी होती आणि सोंग एकच, झोपल्याचं. लांबून स्टेशनातल्या सूचना ऐकू यायच्या, कुत्री भुंकायची, मग गुरुद्वाऱ्याकडून पहाटेचं कीर्तन यायचं, मग अजान. तिनं कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. जागं तर राहायचंच होतं, आता जागं राहायला सोबत मिळाली होती. शेवटी वैजनाथ हैदराबादहून आला, आईच्या हातातला कप निसटताना बघितला आणि तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीण तरणी होती. तिनं तारामतीची बोटं एकेक करून दाबली, रक्त तपासायला दिलं, आणि मग वहीत न बघता, तोंडाकडं बघून समजावलं. निजायच्या आधी कोमट पाण्यात हातपाय शेकायचे. कुशीवर निजायचं तर दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची. मनगटाला रात्री पट्टा. खाली निजायचं नाही, उठताना सांध्यावर जोर येतो. आणि जेवणानंतर ही गोळी. "ही झोपेची गोळी नाही बरं का, काकू. दुखणं थांबलं की झोप आपली आपण येते."

आली. पहिल्या रात्री तिला कळलंच नाही की काय होतंय. गुडघ्यातली कळ लांब लांब गेली, बाजार उठल्यावर गलका विरावा तशी, आणि मागं काहीच राहिलं नाही. सकाळी उठली तर ऊन अंगावर होतं. पुढच्या रात्री पुन्हा तसंच. माणसाला अशी झोप असते, रोज असते, फुकट असते, हे तिला या वयात कळत होतं. तोंडावर टवटवी आली असं शेजारची रईसा म्हणाली. स्वयंपाक करताना ती गुणगुणायला लागली होती. आणि अशाच एका झोपेत जमीन हलून गेली.

रईसा खालच्याच मजल्यावर राहायची. जुनी शेजारीण; मुलगी उमैमा सासरी गेल्यापासून दुपारचा वेळ तिला खायला उठायचा, मग ती वर यायची. त्या दुपारीही आली. सोफ्यावर पाय घेऊन बसली.

"भाभी, मी तर चप्पल बी घातली न्हाई. तशीच पळाली. आमचे हे माझ्या आधी खाली. छत्तीस वर्षांचा संसार, पण मागं वळून नाही बघितलं बघा." आणि स्वतःच हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "पण तुमचे भाईसाब कमाल हाय हां. सगळे उतरले, ते उतरलेच न्हाई. आम्ही खालून आवाज देऊन राहिलो, या म्हणलं, या. खिडकीत आले. हात केला असा, की तुम्ही व्हा म्हणून. अन् परत आत."

"आत कशाला?"

"आता ते मला काय ठाऊक. तुम्ही होता ना आत."

रईसा मग उमैमाच्या सासूविषयी बोलत राहिली. तारामती हूं हूं करत राहिली. शब्द येत होते आणि भिंतीला लागून खाली पडत होते. तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं, आणि त्यात ती स्वतः तोंड उघडं टाकून, गुडघ्यांत उशी धरून, राणीसारखी झोपलेली होती.

शेषेराव संध्याकाळी भाजी घेऊन आले तेव्हा तिनं विचारलं. त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली, कोथिंबीर वेगळी काढली.

"तू उठंनास. हलवलं. तोंडावर पाणी बी मारलं. तू हूं म्हणलीस अन् कूस बदललीस."

"मग?"

"मग काय. बसलो तितंच."

"तुमी खाली जायचं होतं."

"तुला टाकून?" ते म्हणाले, आणि एवढ्यावर तो विषय त्यांच्यापुरता संपला. वांगी काळी आहेत, चांगली लागतील, असं म्हणून ते हात धुवायला गेले. तारामती वांग्यांकडं बघत उभी राहिली. हा माणूस खरोखर तिथं बसला होता. धक्का बारका होता म्हणून बरं. मोठा असता तर तिच्या झोपेपायी तोही गेला असता, पलंगाच्या कडेवर बसल्या बसल्या, तिच्या तोंडावर पाणी मारत. तिला राग आला. त्यांचा नव्हे, गोळीचाही नव्हे. त्या राणीसारख्या झोपलेल्या बाईचा.

त्या रात्री तिनं गोळी तोंडात धरली आणि मोरीत जाऊन थुंकली. दुसऱ्या रात्रीही. पलंगावर गरमी होते म्हणून सांगितलं आणि बाहेरच्या खोलीत, दाराला लागून चटई अंथरली. दाराची कडी आधीच काढून ठेवली. शेषेराव म्हणाले, खाली नको म्हणली होती ती डॉक्टरीण. ती म्हणाली, दोन दिवस. दुखणं काही लगेच आलं नाही. त्यानं वाट बघायला लावली. मग एका रात्री ते जुन्या ओळखीच्या माणसानं बिनदिक्कत आत यावं तसं आलं, आधी अंगठ्यात, मग मनगटात, मग दोन्ही गुडघ्यांत, आणि फरशीचा गारवा चटईतून वर चढत गेला. ती उताणी पडून राहिली. दाराच्या फटीतून जिन्यातल्या दिव्याची रेघ येत होती. कळ वाढली की तिला हुशारी यायची, कळ ओसरली की धास्ती वाटायची. दुखतंय म्हणजे मी जागी आहे, मी जागी आहे म्हणजे ते सुरक्षित आहेत. हा हिशेब वेडगळ आहे हे तिला चांगलं कळत होतं. पण तो तिनं मांडलेलाच नव्हता. तो तिला आयता मिळाला होता, माहेरी, औशाकडच्या त्या गावात, गणपती बुडवले त्या रात्री.

महालक्ष्म्यांना माहेरी गेली होती. नवीन लग्न. परतायचं तर दाढ सुजली, म्हणून चार दिवस राहिली. लातूरला जाऊन दाढ दाखवायची असं आईचं चाललं होतं. त्या रात्री मिरवणूक उशिरापर्यंत होती, गुलालानं माखलेली माणसं दमून घरोघर आडवी झाली होती. धाकटी बहीण उज्वला तिच्याजवळ निजलेली. तिनं दाढेत लवंग दाबून दिली, गाल चोळला, आणि चोळता चोळता तिलाच झोप लागली. तिचा हात तारामतीच्या गालावर तसाच राहिला. ठणका डोक्यात गेला तेव्हा तारामतीनं तो हात अलगद उचलून बाजूला ठेवला, उज्वला जागी होऊ नये म्हणून, आणि अंगणात आली. गाल धरून येरझाऱ्या घालायला लागली. आभाळ स्वच्छ होतं. मग खालून आवाज आला, आणि माळवदाचं घर, दगडाच्या भिंती, वरची हातभर माती, सगळं जागच्या जागी खाली बसलं. धूळ उठली. ती गाल धरून उभी होती. ज्यांना छान झोप लागली होती ते सगळे आत होते. आई, दादा, उज्वला.

त्यानंतरचं तिला सलग आठवत नाही. पत्र्याचे शेड, जीपा, तोंडाला फडकी बांधलेली माणसं. शेषेराव शोधत आले, मिळेल त्या वाहनानं, आणि शेवटचं अंतर चिखलातनं चालत. ती एका खाटेवर बसली होती, गालाला हात लावून. ते तिच्यापुढं उभे राहिले. पोरसवदा माणूस. म्हणाले, "दाढ दुखायली का अजून?" तिनं बघितलं तर दाढ दुखत नव्हती. पहाटेपासून दुखलीच नव्हती, आणि पुढंही कधी दुखली नाही. आपलं काम करून ती गप्प झाली होती. "न्हाई," तारामती म्हणाली. तेव्हाही तिला रडू आलं नव्हतं. आजही, चटईवर पडून ते सगळं बघताना, डोळे कोरडेच होते. फक्त गुडघा ठणकत होता आणि ती त्या ठणक्याला धरून होती.

असे किती दिवस गेले कुणास ठाऊक. बोटं पुन्हा सुजली. भाकरी थापता येईना तेव्हा शेषेराव बाहेरून पोळ्या आणायला लागले. मग एका सकाळी तिला चटईवरून उठताच आलं नाही. कुशीवर वळून हात टेकवला तर मनगट दुमडलं. दुसऱ्या बाजूनं बघितलं, गुडघा वळेना. दार हाताशी होतं, कडी काढलेली होती, आणि दारापर्यंत जायची तिच्यात ताकद नव्हती. आता या घडीला जमीन हलली तर आपण जाग्या असून काय उपयोग, हे तिच्या मनात आलं, आणि तिनं ते झटकून टाकलं. शेषेराव दात घासून आले, बघितलं. मागं बसून काखेत हात घातले आणि तिला उचलून बसवलं. ती कळवळली. ते तिच्या शेजारी फरशीवरच बसले, धापा टाकत.

"गोळी घेत न्हाईस तू."

तिनं पदर गुडघ्यावर ओढून घेतला.

"किती दिवस झालं?"

"मला झोप लागती त्या गोळीनं."

"त्याच्यासाठीच देतेत ना, बाई."

"मी झोपले तर तुमी मरताल." ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. "मी उठत न्हाई, अन् तुमी जात न्हाई. मग काय करायचं, सांगा. तुमी जाईन म्हणा. शपथ घ्या की मला टाकून जाईन. मग घेते गोळी."

शेषेरावांनी पंच्यानं मान पुसली. ते वाद घालणाऱ्यांतले नव्हते. घर पक्कं आहे, इंजिनियरनं बांधलंय, असलं काही ते म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत कधीच म्हणाले नव्हते. भिंतीला टेकून बसले.

"तसली शपथ माझ्यानं होयाची न्हाई," ते म्हणाले. "पर मी जागल करतो. तू नीज पलंगावर, मी जागा बसतो. काय वाटलं, तर उचलतो तुला अन् नेतो."

"तुमी? जागल?"

"का? आमच्या शेतात केलीया की."

"हाव, केलीया. डुकरांनी सगळा भुईमूग खाल्ला अन् तुमी माळ्यावर घोरत. सासूबाई मरेपर्यंत सांगत होत्या."

"तवा लहान व्हतो," ते म्हणाले. "आता म्हाताऱ्याला कशाची आलीय झोप."

तिला हसू येईल असं वाटलं, आलं नाही. पण काहीतरी सैल झालं, मनगटाचा पट्टा एक घर मागं सरकवावा तसं. इतकी वर्षं हे काम आपण दुसऱ्याला देऊ शकतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. कुणी मागितलंही नव्हतं.

रात्री शेषेरावांनी घमेल्यात कोमट पाणी आणून तिचे हात शेकले. गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोर उभे राहिले. गुडघ्यांत उशी ठेवताना त्यांनी ती दोनदा चुकीची ठेवली. मग प्लास्टिकची खुर्ची ओढून पलंगाला लावली, स्वेटर घातला, चष्मा लावला, कुठंतरी पहाऱ्यावर निघाल्यासारखे ताठ बसले. तारामती डोळे मिटून त्यांना ऐकत राहिली. ते खाकरले. खुर्ची करकरली. त्यांनी मोबाइल चालू केला, बंद केला. कुठलासा अभंग हलक्या आवाजात म्हणायला लागले, दुसऱ्या ओळीला अडले, पुन्हा पहिलीच म्हटली. कळ अजून होती. तिनं सवयीनं तिला धरून ठेवलं, अंगठ्यात, मग गुडघ्यात, अजून थोडा वेळ, हे खरंच जागे आहेत एवढी खात्री होईपर्यंत. पण कळ हातातून निसटायला लागली. गालावर कुणीतरी हात ठेवला असं तिला वाटलं. तो शेषेरावांचा होता की दुसऱ्या कुणाचा हे बघायला तिनं डोळे उघडले नाहीत, आणि या वेळी तो बाजूलाही केला नाही.

जाग आली तेव्हा खोलीत चांगलं उजाडलेलं होतं. खिडकीतून ऊन येऊन कपाटावर पडलं होतं. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती न हलता पडून राहिली, आणि मग फक्त मान वळवली. शेषेराव खुर्चीतच होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान खांद्यावर कलंडलेली, तोंड उघडं. घोरत होते, आणि ते आत्ताचं घोरणं नव्हतं. ते चांगलं मुरलेलं, मध्यरात्रीपासून चालू असलेलं घोरणं होतं. ती त्यांच्याकडं बघत राहिली. म्हणजे रात्रभर इथं कुणीच जागं नव्हतं. ती झोपलेली, ते झोपलेले, खालची रईसा झोपलेली. भिंती होत्या तिथं होत्या. छत वर होतं. रागवावं असं तिनं मनात आणून बघितलं, पण राग शोधायला कुठं जायचं तेच कळेना. डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळायला लागलं होतं आणि ते पुसायला तिनं हात उचलला नाही, कारण हात उचलला असता तर बांगड्या वाजल्या असत्या.

तरी त्यांना जाग आलीच. दचकून त्यांनी चष्मा सावरला, घर बघितलं, तिला बघितलं.

"डोळ्याला डोळा न्हाई बघ रातभर," ते म्हणाले.

"हाव," ती म्हणाली. "दमला असताल."

"तू नीज आनखी. मी हाय की जागा."

तिनं उशी गुडघ्यांत नीट घेतली आणि भिंतीकडं तोंड केलं. थोड्याच वेळात खुर्चीतून घोरणं पुन्हा सुरू झालं, आणि ते ऐकत ऐकत तारामतीला झोप लागली.